गावच्या घराला कुंपण: गडगा, जाळी की भिंत?

कुडाळजवळ आमचं १२ गुंठ्यांत घर आहे. जागा उताराची आहे. मोकाट गुरं आत येऊन कलमं खातात आणि रात्री रानडुकरं फिरतात. वर्षाचे आठ महिने घर बंद असतं. घरच्यांचं म्हणणं, सरळ सिमेंटमध्ये चिऱ्याची (जांभा दगडाची) भिंत बांधून टाका. खर्च बराच आहे, म्हणून आधी विचारतोय.

प्रतिसाद १
आधी भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्या आणि हद्दीच्या खुणा शेजाऱ्यांसमोर पक्क्या करा. त्याआधी एक चिराही लावू नका. भावकीतले निम्मे तंटे इथूनच सुरू होतात.

आता उताराचं. आपल्याकडे पावसाळ्यात वरच्या बाजूचं सगळं पाणी जमिनीतून खाली येतं. सिमेंटची सलग भिंत ते अडवते, मागची माती फुगते आणि भिंत पोट काढते. बांधायचीच असेल तर तळाशी ठरावीक अंतरावर पाइप हवेतच. सुक्या गडग्याला, म्हणजे सिमेंटशिवाय नुसते चिरे रचून घातलेल्या कुंपणाला, ही भीती कमी, कारण पाणी चिऱ्यांच्या फटींतून निघून जातं. जुन्या लोकांनी तो उगीच नाही घातला. पाया रुंद घ्या, वर निमुळता करा. चार फुटांचा गडगा गुरांना पुरतो.

प्रतिसाद २
सगळीकडे गडगा परवडणार नाही. मागच्या बाजूला सिमेंटचे खांब आणि जाळी लावा, पण जाळीची खालची कड फूटभर जमिनीत गाडा. डुक्कर खालूनच घुसतं. खारा वारा येत असेल तर प्लास्टिकचा थर असलेली तार घ्या, साधी लवकर गंजते. जाळीला लागून जूनमध्ये गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया झाडाच्या) काठ्या रोवा. पाला कलमांना खत म्हणून चालतो. शेराचं झाड कुंपणाला लावू नका, त्याचा चीक डोळ्याला फार वाईट.

प्रतिसाद ३
वानरांना यातलं काहीच अडवत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. आणि कळकळीने सांगतो, कोणी घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडायला सांगितली तर साफ नकार द्या. त्याने माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे. झटक्याचं कुंपण हवंच असेल तर सौर यंत्रावरचं घ्या आणि पाटी लावा.

मूळ प्रश्नकर्ता
मनापासून आभार. उद्याच मोजणीचा अर्ज करतो. रस्त्याच्या बाजूला गडगा, मागे जाळी आणि गिरिपुष्प, असं ठरवतोय. कुडाळ-सावंतवाडी भागात सुका गडगा घालणारे कारागीर कोणत्या गावात मिळतील?

प्रतिसाद १
चिऱ्याच्या खाणीवर चौकशी करा, त्यांना ठाऊक असतात. काम पावसाआधी उरकेल असं बघा.