मदत हवी आहे: टॉर्नेडोनंतरचे फोटो, तातडीने सांगा (बडोदा)

मांजलपूरकर
काल संध्याकाळी आमच्या सोसायटीवरून टॉर्नेडो गेला. दोन गुलमोहर आणि एक पेल्टोफोरम आडवे झालेत, गाडी खाली दबली आहे, गच्चीचे पत्रे उडून शेजारच्या कंपाउंडात पडलेत. फोटो काढतोय, पण एकही धड येत नाही. नुसता पाला दिसतो, गाडी किती चेपली ते कळतच नाही. पत्रे पांढरेफटक येतात. दुपारी महापालिकेची माणसं करवत घेऊन येणार आहेत. पटकन सांगा, सेटिंग काय ठेवू?

एफ_आठ
कॅमेरा कुठला? फोटो कशासाठी हवेत: क्लेम, पेपर, की सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला? हे कळल्याशिवाय सेटिंग काय सांगणार, कपाळ?

मांजलपूरकर
फोन आहे. क्लेमसाठीच, अजून कशासाठी!

खडूस_सर्व्हेअर
गाडीची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे की नुसती थर्ड पार्टी? थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचे पैसे मिळत नाहीत, फोटो कितीही सुंदर काढा. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर आधी कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्या आणि नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला विचारल्याशिवाय गाडी हलवू नका. झाड तोडावंच लागलं तर तोडण्याआधी, तोडताना आणि तोडल्यानंतर, तिन्ही वेळा त्याच जागेवर उभं राहून फोटो घ्या. जागा खडूने आखून ठेवा.

पहिला फोटो लांबून: गेट किंवा बिल्डिंगचं नाव, झाड आणि गाडी एका चौकटीत. मग गाडीचे चारही कोपरे, प्रत्येक फोटोत दोन बाजू दिसतील असे. मग नंबर प्लेट, चासी नंबर, ओडोमीटर. सगळ्यात शेवटी जवळून चेपलेला भाग. लोक उलट करतात: चेपल्याचे ढीगभर क्लोजअप, आणि ती गाडी कोणाची हे एकाही फोटोत नाही.

वायरमन_भाऊ
ओडोमीटर नंतर. गाडीवर किंवा झाडात वायर अडकली आहे का? ते कोणीच विचारलं नाही. वायर दिसली तर दहा मीटर लांब राहा, साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, आणि वीज कंपनीने लाइन बंद केल्याचं सांगेपर्यंत गाडीला हात लावू नका. लाइट गेलेत म्हणजे वायर मेली असं नसतं. शेजाऱ्याचा जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय (जो बाहेरची लाइन तोडतो) जोडलेला असेल तर करंट उलटा येतो. गच्चीवर सोलर आहे का?

मांजलपूरकर
वायर नाही. सोलर आहे, दोन पॅनल फुटलेत. पण मी सेटिंग विचारलं होतं.

वायरमन_भाऊ
फुटलेलं पॅनलसुद्धा ऊन असेपर्यंत वीज बनवतं. इन्व्हर्टरचे एसी आणि डीसी दोन्ही स्विच बंद केले तरी पॅनलपासून स्विचपर्यंतच्या केबलमध्ये विजेचा दाब असतोच. लांबूनच झूम करा.

आकाशवेडा
ड्रोन उडवा! वरून एका फोटोत सगळं येतं.

एफ_आठ
मांजलपुरात? एकीकडे हरणीचा विमानतळ, दुसरीकडे मकरपुऱ्याचं एअर फोर्स स्टेशन. आधी डिजिटल स्कायचा (सरकारची ड्रोनची साइट) नकाशा उघडून बघा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यातसुद्धा विनापरवाना २०० फुटांपर्यंतच मुभा आहे, त्याच्या आत तर विचारूच नका. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला हौसेसाठी पायलटचं लायसन्स लागत नाही, पण झोनचे नियम त्यालाही आहेत. समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून काढा, तेवढं पुरतं.

आता सेटिंग. पाला दिसतो कारण फोन समोरच्या फांदीवर फोकस करतो. गाडीच्या पत्र्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ यायचा ते) लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. गच्चीचे पत्रे पांढरेफटक येताहेत ते याच कारणाने. त्यांच्यासाठी उणे ०.७ ते उणे १ पर्यंत जा. दुपारचं ऊन टाळा. चेपलेलं पत्र्याचं अंग समोरून सपाट दिसतं, तिरक्या उजेडात खड्डा उठून दिसतो. सावलीत असेल तर कोणाला तरी टॉर्च बाजूने, पत्र्याला जवळजवळ चिकटून धरायला सांगा. फ्लॅश अजिबात नको. काचेवर आकाश चमकत असेल तर काळी छत्री आडवी धरा, चीर लगेच दिसते.

नर्मदा_काठी
०.५ एक्सवर (रुंद लेन्सवर) काढा, सगळं मावतं.

एफ_आठ
०.५ वर कडेची भिंत कललेली दिसते, सरळ खांब वाकतो. भिंत खरंच कलली आहे की लेन्समुळे, हा वाद कशाला ओढवून घ्यायचा? १ एक्सवर राहा आणि चार पावलं मागे जा.

नर्मदा_काठी
आणि गल्ली आठ फुटांची असेल तर? मागे जायला भिंतीतून जाऊ का?

एफ_आठ
तर १ एक्सवर तीन फोटो, एकमेकांवर एक तृतीयांश भाग चढेल असे. पॅनोरमा नको, त्यात जोड फसतात आणि गाडीला पाच चाकं येतात.

खडूस_सर्व्हेअर
मोजमाप विसरू नका. खड्ड्याशेजारी टेप, नसेल तर दहा रुपयांचं नाणं (व्यास २७ मिमी). फोनचं लोकेशन चालू ठेवा. तारखेचा शिक्का मारणारं अ‍ॅप वापरायचं तर वापरा, पण शिक्क्याशिवायचे मूळ फोटोही काढा. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे टाकू नका, फोटो दाबला जातो आणि आतली वेळ-ठिकाणाची माहिती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून जोडा. क्रॉप, फिल्टर, काही नाही.

ढगांचा_पाढा
मुळात हा टॉर्नेडो होता कशावरून? ढगातून खाली आलेली सोंड कोणी पाहिली? आपल्याकडे मोसमी पावसाआधी ढगातून थंड हवा धाडकन खाली आदळते आणि चहूकडे पसरते, तो डाउनबर्स्ट. नुकसान तितकंच भयंकर असतं.

आकाशवेडा
भारतात टॉर्नेडो होत नाहीत असं म्हणायचंय का? १९७८ च्या मार्चमध्ये दिल्लीत झाला, ३१ मार्च २०२४ ला जलपाईगुडीत झाला.

ढगांचा_पाढा
होत नाहीत असं कुठे म्हटलं? झाडं बघा म्हणतोय. टॉर्नेडोचा पट्टा अरुंद असतो आणि दोन्ही बाजूंची झाडं आत, एकमेकांवर आडवीतिडवी पडतात. डाउनबर्स्टमध्ये एका जागेपासून बाहेर, पंख्यासारखी. वादळांचे अभ्यासक फुजितांनी १९७४ नंतर विमानातून पडझडीचे फोटो घेऊन हाच फरक दाखवला. मूळाशी उभं राहून शेंड्याकडे फोनचा कंपास धरा, अंश टिपा आणि तो आकडा कागदावर लिहून फोटोत ठेवा. गाडी, गेट, पत्रे यांच्यापासून तीन-चार मीटर लांब. लोखंडाजवळ कंपास खोटं बोलतो. पंधरा-वीस झाडं तरी हवीत. छाटणीने एका बाजूला जड झालेलं झाड वारा कुठूनही आला तरी त्याच बाजूला पडू शकतं.

खडूस_सर्व्हेअर
अभ्यास छान, पण क्लेमला काडीचा फरक पडत नाही. मोटर पॉलिसीत वादळ सरसकट धरलेलं आहे. घराची भारत गृह रक्षा पॉलिसी असेल तर त्यात टॉर्नेडो नावानिशी लिहिलाय, आणि सोलर पॅनल घराचा भाग धरतात.

पोळीतला_मोर
अवांतर: पेल्टोफोरम लावतातच कशाला रस्त्याकडेला? आणि ते कोनोकार्पस! गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली तरी जुने तसेच उभे आहेत.

ढगांचा_पाढा
झाडाला बोल लावण्याआधी बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक कोणी बसवले ते बघा. धागाकर्ते, उपटलेल्या मुळांचा फोटो करवतीआधी नक्की घ्या: मुळं कापलेली आहेत की कुजलेली, खोड पोकळ आहे का. झाड सोसायटीचं की रस्त्याचं हा वाद पुढे निघतोच, आणि तोवर खोडाचे ओंडके कुठल्या कुठे गेलेले असतात.

मांजलपूरकर
कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, सर्व्हेअर चारला येतोय. करवतवाल्यांना थांबवलंय, पण ते पाचनंतर थांबणार नाहीत. फोकस लॉक करून बरे आले. घरात शिंप्याची कापडी टेप आहे, चालेल का?

खडूस_सर्व्हेअर
चालेल. ताणून धरा, आणि शून्याचं टोक फोटोत येऊ द्या.