एपीपी वाढतच नाही, प्लेटवर फक्त प्रोटिअस आणि पाश्चुरेला

प्रश्न (एमव्हीएससी म्हणजे पशुवैद्यक पदव्युत्तर, सूक्ष्मजीवशास्त्र)
नमस्कार. मेलेल्या डुकरांच्या फुप्फुसांतून ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनी (एपीपी, डुकरांना न्यूमोनिया करणारा जिवाणू) वेगळा काढायचा आहे. जखमा अगदी पुस्तकात असतात तशा आहेत: मागच्या डायफ्रॅमॅटिक लोबवर काळपट लाल, यकृतासारखे घट्ट पट्टे, वर फायब्रिनचा थर, श्वासनळीत रक्ताळ फेस. नमुने फार्मवरून दोन दिवसांनी येतात, तिथे डीप फ्रीझरमध्ये ठेवलेले असतात. 5 टक्के मेंढीचं रक्त घातलेला अगार आणि मॅकॉन्की (आतड्यातल्या जिवाणूंसाठीचं माध्यम) वापरतो, साध्या इन्क्युबेटरमध्ये 37 अंशांवर. पाश्चुरेला मल्टोसिडा, प्रोटिअस, ई. कोलाय येतात, एपीपी एकदाही नाही. कुठे चुकतंय?

उत्तर 1
तीन ठिकाणी. पहिलं, माध्यम. एपीपीच्या बायोव्हार 1 या प्रकाराला एनएडी (वाढीला लागणारा एक सहघटक रेणू) बाहेरून लागतं. मेंढीच्या रक्तातलं एनएडी तांबड्या पेशींत अडकलेलं असतं आणि त्याच रक्तातलं एन्झाइम ते मोडतं. म्हणून नुसत्या ब्लड अगारवर काही दिसत नाही. मॅकॉन्कीवर तर हा वाढतच नाही, तिथे त्याची वाट बघू नका.

चॉकलेट अगार करा. रक्त साधारण 80 अंशांना तापवलं की पेशी फुटून एनएडी बाहेर येतं आणि ते एन्झाइमही मरतं. किंवा पीपीएलओ अगारमध्ये (हे एक पोषक माध्यम) एनएडी घाला, अंतिम प्रमाण मिलीला 10 मायक्रोग्रॅम. 10 मिलिग्रॅम प्रति मिलीचा साठा 0.22 मायक्रॉन फिल्टरमधून गाळून उणे 20 ला ठेवा. 500 मिली अगारला 0.5 मिली पुरतो. अगार 50 अंशांच्या खाली आल्यावरच घाला. ऑटोक्लेव्हमध्ये घातलं की एनएडी गेलं, आणि बहुतेकांची चूक इथेच होते.

दुसरं, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. सोय नसेल तर मेणबत्तीची बरणी चालते. 24 तासांत काही नाही दिसलं तरी प्लेट 48 तास ठेवा.

उत्तर 2 (पॅथॉलॉजी)
तिसरं म्हणजे नमुना, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण तेच. डीप फ्रीझर बंद करा. 2–3 सेंमीचा तुकडा बर्फावर 4 अंशांत, 24 तासांच्या आत प्लेटवर. तुकडा जखमेच्या मधोमध घेऊ नका, तिथलं ऊतक मेलेलं असतं. घट्ट आणि निरोगी भागाच्या सीमेवरून घ्या. गरम पात्याने पृष्ठभाग भाजा, निर्जंतुक सुरीने कापा आणि आतून स्वॅब फिरवा. पृष्ठभाग न भाजल्यानेच प्रोटिअस आख्खी प्लेट व्यापतो. आजारी असताना इंजेक्शन दिलेलं जनावर टाळा, आणि कवच आलेल्या जुन्या गाठीही. त्या बऱ्याचदा रिकाम्या निघतात.

फुप्फुस उघडण्याआधी आफ्रिकन स्वाइन फीव्हरची (डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) पीसीआर, म्हणजे जनुकीय तपासणी, करून घ्या. 2020 पासून तो आपल्या देशात आहे आणि अचानक मेलेल्या डुकरात त्याला वगळूनच पुढे जायचं. डुकरांतल्या स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जिवाणूचा संसर्ग माणसालाही होतो, म्हणून हातमोजे घालाच.

प्रश्नकर्ता
ताज्या फुप्फुसावर जमलं! ब्लड अगारवर स्टॅफिलोकॉकसची रेघ मारली होती (तो एनएडी पुरवतो). तिच्या दोन्ही कडेला बारीक कॉलनी आल्या, भोवती स्पष्ट हिमोलिसिस (रक्तपेशी फुटून पडलेलं वलय). रेघेपासून लांब काही नाही. हाच एपीपी का? ग्लेसरेला पॅरासुइस (एनएडी लागणारा डुकरांचा दुसरा जिवाणू) नाही ना?

उत्तर 1
पॅरासुइसही रेघेला धरूनच वाढतो, पण त्याला हिमोलिसिस नसतं आणि युरिएज (युरिया मोडणाऱ्या एन्झाइमची चाचणी) निगेटिव्ह येते. तुमच्याकडे युरिएज पॉझिटिव्ह आणि बीटा टॉक्सिन देणाऱ्या स्टॅफच्या रेघेजवळ कॅम्प परिणाम (तिथे हिमोलिसिस वाढणं) दिसला, तर एपीपी धरून पुढे जा. पक्कं करायला एपीएक्स-4ए या विषाच्या जनुकाची पीसीआर. एपीएक्स-1 आणि 2 वर भिस्त ठेवू नका, ॲक्टिनोबॅसिलस सुइसमध्येही त्यांची रूपं सापडतात. मग कॅप्सूल पीसीआरने सेरोव्हार (कवचावरून ठरणारा उपप्रकार) काढा, आजवर किमान 19 नोंदले आहेत. लस निवडताना हे लागतंच.

नुसती पीसीआर थेट फुप्फुसावर केली तर रोगकारण कळेल, पण औषध-संवेदनशीलता कळणार नाही. त्यासाठी जिवंत जिवाणू हातात हवाच.

उत्तर 3
संवेदनशीलतेसाठी साधं म्युलर-हिंटन (औषध-चाचणीचं नेहमीचं माध्यम) घेऊ नका, त्यावर हा उगवणारच नाही. औषधाच्या डिस्कसाठी चॉकलेट म्युलर-हिंटन, 35 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, 20 ते 24 तास. या वायूने अगार किंचित आम्ल होतो आणि टिल्मिकोसिन, ट्युलाथ्रोमायसिनसारख्या मॅक्रोलाइड प्रतिजैविकांचा झोन (डिस्कभोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ) आक्रसतो. त्यामुळे साध्या हवेत उगवणाऱ्या जिवाणूंचे निकष इथे लावले तर चुकून ‘प्रतिरोधक’ लिहाल. क्वालिटी कंट्रोलचा स्ट्रेन (निकाल ठाऊक असलेला जिवाणू) प्रत्येक वेळी सोबत लावा.

आणि कॉलनी आजच उचला. प्लेटवर हा काही दिवसांत मरतो. 24 तासांची वाढ 20 टक्के ग्लिसरॉलच्या ब्रॉथमध्ये, दोन-तीन कुप्या, उणे 80 ला.