मदत हवी आहे: भेट मिळालेल्या व्हिस्कीला टिंक्चरचा वास येतोय, बाटली खराब आहे का?

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण पूर्ण वाचून मगच सांगा.

मी सोलापूरचा, वय ३४. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघतो. गेल्या महिन्यात स्कॉटलंडचे एक गिऱ्हाईक कारखाना बघायला आले होते. जाताना त्यांनी हिरव्या बाटलीतली व्हिस्की हातात ठेवली. लाफ्रॉइग, १० वर्षांची. पुढच्या महिन्यात ते परत येतायत आणि कशी वाटली ते नक्की विचारणार. न पिताच "छान होती" म्हणणं मला जमायचं नाही, माणूस फार मायेनं देऊन गेलाय.

व्हिस्कीतलं मला काहीच कळत नाही. आजवर एकदाच प्यायलोय, चार वर्षांपूर्वी, मित्राच्या हळदीच्या रात्री. सोडा घातलेला ग्लास एका दमात घशाखाली ढकलला, वर तिखटजाळ चकणा. रात्रभर उलट्या झाल्या. चव कशी होती ते विचाराल तर आठवतच नाही. परवा ही बाटली उघडली तर टिंक्चर आयोडीनचा भपकारा आला. बायको म्हणाली, "ड्रेसिंगच्या खोलीत बसल्यागत वाटतंय." लगेच बूच लावून टाकलं.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. माझे धाकटे काका हातभट्टीच्या दारूपायी गेले. ते आणि वडील एकाच लूमच्या कारखान्यात होते. मी तेव्हा सातवीत होतो. त्यामुळे आमच्या घरात बाटली हा विषयच निघत नाही. मला नशा नकोय. एवढ्या लांबून कोणी प्रेमानं आणलेली वस्तू आहे, ती नीट समजून घ्यावी, एवढंच मनात आहे. वडिलांना सांगूनच पिणार आहे, लपूनछपून नाही.

तर बाटली खराब झालीय का? पाणी, सोडा, बर्फ यातलं काय घालायचं? आणि आधी दुसरं काही पिऊन बघू का?

सातरस्ता
थांब बे, बेसिनमध्ये ओतून टाकू नकोस! बाटली एकदम चांगली आहे, ती असाच वास मारते. मी पहिल्यांदा घेतली तेव्हा दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. आता लई आवडते. २०२५ मध्ये राज्यानं उत्पादन शुल्क वाढवल्यापासून साध्या बाटलीचा भावसुद्धा परवडत नाही, तुला तर घरबसल्या मिळालीय. बाकीचं जाणकार सांगतीलच.

मळी ते माल्ट
जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी २६ वर्षं केमिस्ट होतो. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वासाचं. तुमची बाटली स्कॉटलंडच्या आयला बेटावरची आहे. या व्हिस्कीसाठी बार्ली भिजवून मोड आणतात, आपण मटकीला आणतो तसे. मोड आलेलं हे धान्य म्हणजे माल्ट. ते वेळेवर वाळवलं नाही तर मोड वाढत जातो आणि दाण्यातला ऐवज खाऊन टाकतो. त्या बेटावर झाडं कमी, दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर मात्र भरपूर. त्याला पीट म्हणतात. ते कापून, वाळवून, जाळून त्या धुरावर बार्ली सुकवायची ही तिथली जुनी रीत. त्या धुरातली फिनॉल जातीची द्रव्यं दाण्याला चिकटतात आणि पुढे आंबवणं, ऊर्ध्वपातन, लाकडी पिंपातली वर्षं, एवढ्या सगळ्यातून टिकतात. दवाखान्यातल्या जंतुनाशकांतही फिनॉलच्याच कुळातली द्रव्यं असतात, म्हणून तुमच्या बायकोला ड्रेसिंगची खोली आठवली. त्यांचं नाक पक्कं आहे.

हुरडा खाल्ला असेलच. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेलं कणीस हातावर चोळलं की ज्वारीच्या गोडाबरोबर धुराचा वास येतो. पहिला घोट घेताना तोच मनात ठेवा. टिंक्चर शोधाल तर टिंक्चरच सापडेल.

आता तुम्ही त्या हळदीच्या रात्री काय प्यायलात ते मला माहीत नाही. पण आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कींचा पाया म्हणजे ईएनए, म्हणजे वास-चव जवळपास काढून टाकलेलं शुद्ध स्पिरिट. ते मळीपासून निघतं किंवा धान्यापासून. त्यात थोडं माल्ट स्पिरिट आणि रंगाला कॅरॅमल. युरोपात मळीच्या स्पिरिटला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. मी आयुष्यभर मळीचंच स्पिरिट काढलं, त्या कामाची मला लाज नाही, पण दोन्हीला एकच नाव द्यावं असं मला कधी वाटलं नाही. तुमची बाटली सिंगल माल्ट आहे, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली. स्कॉच म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावं लागतं. लेबलावरचं १० म्हणजे आतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं वय.

पिण्याची रीत: ३० मिली मोजून घ्या, अंदाजानं ओतू नका. स्टीलचा पेला नको, काचेचा घ्या, तोंडाकडे निमुळता असेल तर उत्तम. पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्या. वास घेताना नाक आत खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून लांबूनच घ्या, नाहीतर अल्कोहोलच नाकाला झोंबेल. घोट चमचाभर, जिभेवर फिरवून मग गिळा. पहिला घोट जाळणारच, त्यावरून मत बनवू नका. मग ड्रॉपरनं थोडं थोडं पाणी घालत जा. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची मांडणी करून दाखवलं की पाणी घातल्यावर ग्वायकॉल हा धुराच्या चवीचा रेणू पृष्ठभागाकडे येतो. म्हणून पाणी घातल्यावर वास उलट खुलतो. मात्र आपलं बोअरचं खारट पाणी वापरू नका, जारचं घ्या. बर्फानं वास दबतो, पहिल्या वेळी टाळा.

बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खातं. आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नको. आपला एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको.

होटगी रोड
केमिस्ट काकांनी सगळं सांगितलंच आहे. माझं फक्त एवढंच की सुरुवातच या बाटलीनं करू नका. आधी बारमध्ये एक जेमसनचा ३० मिली घ्या. ती आयरिश आहे, तीनदा ऊर्ध्वपातन झालेली, अगदी मवाळ. दुसऱ्या एखाद्या दिवशी ग्लेनलिवेट १२. त्यानंतर टीचर्स किंवा ब्लॅक लेबल, त्यात धुराची चाहूल लागते. मग तुमची हिरवी बाटली. एका बैठकीत सगळं उरकू नका, मी तसं केलं आणि एकाचीही चव लक्षात राहिली नाही.

चकण्याला शेंगाचटणी नको. आपली कितीही लाडकी असली तरी त्या तिखटापुढे जीभ दुसरं काही ऐकत नाही. मी कडक भाकरीचा तुकडा चावतो. भाकरीला स्वतःची जोरकस चव नसते, तोंड स्वच्छ होतं आणि पोटातही काहीतरी जातं.

परवाना काढून घ्या. महाराष्ट्रात व्हिस्कीला वय २५ पूर्ण लागतं आणि बाटली जवळ बाळगायला, प्यायला परवाना लागतो. आणि बारमधून गाडीवर परत यायचं नाही, रिक्षा करा. रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलीग्रॅमची मर्यादा आहे, पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

ओपीडी
मी डॉक्टर आहे, त्यामुळे दुसरी बाजू मला मांडलीच पाहिजे. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की दारूचं व्यसन लागण्याच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो. तुमचे सख्खे काका यात गेले, म्हणजे तुम्ही इतरांपेक्षा जास्त जपायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला निर्धोक असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं, तुमच्या बाटलीतही जवळपास तेवढंच. झोपेच्या, फिटच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा. उपाशीपोटी नको. आणि ज्या दिवशी मन खट्टू असेल त्या दिवशी बाटलीला हात लावू नका, हा एवढा एक नियम पाळाच. गिऱ्हाइकाला "मला मानवली नाही" असं सांगितलंत तरी त्यात कसलाही अपमान नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

परवाना काढला. जेमसन आणि ग्लेनलिवेट एकेकदा बारमध्ये घेतल्या, दोन वेगळ्या रविवारी, रिक्षानं गेलो-आलो. पहिली घशातून अलगद उतरली. दुसरीत पाणी घातल्यावर पिकल्या नासपतीचा वास आला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की लोक हे का पितात.

काल रात्री जेवण झाल्यावर हिरवी बाटली काढली. गच्चीवर सतरंजी टाकली, कफ सिरपच्या मापात ३० मिली मोजली. पहिला घोट खरंच टिंक्चर. मग ड्रॉपरनं जारचं पाणी, दहा-बारा थेंब. पुन्हा वास घेतला आणि केमिस्ट काका, शपथेवर सांगतो, आगटी! मोहोळला मामाच्या रानात हुरडा खायला जायचो ती राख, तो ओला धूर, आणि मागून खारट-गोड काहीतरी. तो एवढासा पेला संपवायला पाऊण तास लागला. दुसरा घ्यावासा वाटला नाही.

मध्येच वडील वर आले. मी ग्लास बाजूला ठेवला नाही. त्यांनी हातात घेतला, वास घेतला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याच्या तोंडाला असा वास नव्हता." आणि ग्लास परत देऊन माझ्याशेजारी बसून राहिले.

डॉक्टर, तुमचा नियम कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून लावलाय. लेबलावर पेन्सिलनं पातळीची रेघ मारून तारीख घातलीय, आणि ती रेघ बायकोला आणि वडिलांना दोघांनाही दाखवलीय.

गिऱ्हाईक येत्या गुरुवारी येतायत. त्यांना पुढच्या खेपेला हुरड्याच्या दिवसांत यायला सांगणार आहे. जानेवारीत गड्ड्याची जत्राही असते. विदेशी पाहुण्यांना शेतावर नेताना काय काळजी घ्यावी लागते ते कोणाला माहीत असेल तर सांगा.