मदत हवी आहे: २ बीएचकेचं लाइटिंग, जिप्समचं काम सुरू व्हायच्या आत पॉइंट ठरवायचेत

नमस्कार मंडळी, जाणकारांनी प्लीज मार्गदर्शन करा, जरा घाई आहे. नाशिकला आमच्या फ्लॅटचा ताबा मिळालाय, फॉल सीलिंगवाला पुढच्या आठवड्यात येतोय आणि त्याआधी वायरमनला सगळे लाइटचे पॉइंट सांगायचेत, एकदा जिप्सम लागलं की मग फोडाफोडीशिवाय काही होत नाही. घरात आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि सासू-सासरे. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना पेपर वाचायला भरपूर उजेड लागतो पण वरचा दिवा थेट डोळ्यात आला की लगेच कपाळावर हात आडवा धरतात. माझ्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

कॉन्ट्रॅक्टरने दिलेला प्लॅन असा: हॉलमध्ये (११ बाय १६) १२ वॉटचे ८ गोल डाऊनलाइट (सीलिंगमध्ये बसवलेले, खाली उजेड टाकणारे दिवे), दोन्ही बेडरूममध्ये ६-६, किचनमध्ये ४, सगळे सारख्या अंतरावर, सगळे कूल डे लाइट म्हणजे ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका कमी तितका उजेड पिवळसर), आणि हॉलला कडेने कोव्ह (सीलिंगच्या कडेच्या खाचेत लपवलेला, वर छतावर पडणारा उजेड). का असं विचारलं तर "मॅडम लख्ख दिसेल" एवढंच उत्तर. मला हे अजिबात पटत नाहीये. नकाशात दिवे रांगेत छान दिसतात, पण उजेड हवाय तो ओट्यावर, आरशासमोर, मुलीच्या वहीवर, सासऱ्यांच्या खुर्चीपाशी, आणि या प्लॅनमध्ये त्यातली एकही जागा धरलेली नाही.

थोडं वाचलंय. रिचर्ड केली नावाच्या अमेरिकन लाइटिंग डिझायनरने १९५० च्या दशकात तीन प्रकार मांडले होते, सगळीकडे पसरलेला मऊ उजेड, नेमक्या जागी पडणारा उजेड आणि नजरेला छान वाटावं म्हणून थोडी चमक. लुई कान या आर्किटेक्टच्या टेक्सासमधल्या किंबेल म्युझियमवर पण त्याने काम केलंय, तिथे छताच्या फटीतून येणारं ऊन अॅल्युमिनियमच्या रिफ्लेक्टरवर पडून परत वर काँक्रीटच्या कमानीवर जातं, म्हणजे दालनात उजेड भरपूर पण ऊन चित्रांवर थेट पडत नाही. ते वाचल्यापासून डोक्यात बसलंय की सासऱ्यांसाठी असाच छतावरून परत येणारा उजेड हवा. मग नुसत्या कोव्हवर हॉल भागेल का? डाऊनलाइट किती ठेवू? पंखा मध्ये येतो त्याचं काय? आणि रंग वॉर्म घ्यावा का, सासूबाई म्हणतात पिवळ्या उजेडात घर अंधारलेलं वाटतं.

प्रतिसाद, कंदील:
ताई, तुमचा विचार बरोबर दिशेने चाललाय, आधी जागा ठरवा मग दिवा. मी आर्किटेक्ट आहे, हॉलचा हिशोब सांगतो. ११ बाय १६ म्हणजे साधारण १६ चौरस मीटर. बसण्या-बोलण्याच्या खोलीला १५० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन) धरले तर २४०० लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) खाली पोचायला हवेत, भिंती-सीलिंग-फिटिंगमध्ये अर्धे जातात असं समजून ४८०० घ्या. बरी एलईडी वॉटला ९०-१०० लुमेन देते, म्हणजे ५० वॉटच्या आसपास काम होतं. तुमच्या प्लॅनमध्ये ९६ वॉट आहेत आणि वर कोव्ह वेगळं! तरी वाचायला उजेड कमीच पडणार, कारण वाचताना ३००-५०० लक्स पुस्तकावर हवेत, आणि वय झालेल्या डोळ्यांना त्याहून जास्त. ते अख्ख्या खोलीत करायला गेलात तर बाकीच्यांचे डोळे दिपतील. म्हणून खुर्चीच्या मागे खांद्याच्या बाजूला एक प्लग पॉइंट ठेवा आणि शेड असलेला उभा दिवा लावा.

कोव्ह चालेल, पण स्ट्रिप (एलईडीची पट्टी) आणि वरचं सीलिंग यांच्यात निदान ६ इंच मोकळी जागा सोडायला सांगा, २-३ इंचात बसवली की सीलिंगवर नुसता एक प्रखर पट्टा दिसतो आणि खोलीत काहीच येत नाही. सीलिंग पांढरं आणि मॅट हवं. नुसत्या कोव्हने हॉल सपाट वाटतो, चेहऱ्यांना उठाव राहत नाही, म्हणून सोफ्यामागच्या भिंतीवर उजेड पडेल असे ३-४ सीओबी (छोटे स्पॉटसारखे एलईडी दिवे) सीलिंगमध्ये घ्या, भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर. अगदी चिकटवले तर भिंतीवर कमानी कमानी उमटतात. दिवा आत खोल बसलेला घ्या, म्हणजे खुर्चीतून चकाकी दिसत नाही.

आणि पंखा! हे बहुतेक जण विसरतात. पात्याच्या वर डाऊनलाइट आला की सावली सतत फडफडते, डोकं दुखतं. पात्याच्या टोकापासून दीड-दोन फूट बाहेरच ठेवा, त्या ८ मधले मधले दोन तर नक्कीच काढा.

प्रतिसाद, पाटावरवंटा:
किचनचं मी सांगते. ओट्याला उभं राहिलं की सीलिंगचा दिवा पाठीमागे येतो आणि आपलीच सावली चिरायच्या भाजीवर पडते. वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला, दुधी कव्हरच्या प्रोफाइलमध्ये (स्ट्रिप बसवायची लांब खाच) स्ट्रिप लावा. कव्हर नक्की घ्या कारण पॉलिशच्या काळ्या ग्रॅनाईटवर उघड्या स्ट्रिपचे ठिपके ठिपके दिसतात. रंगाचं म्हणाल तर किचन आणि मुलीचं टेबल ४००० केल्विन, हॉल आणि बेडरूम ३०००. सासूबाईंना सांगा, पिवळ्या रंगामुळे अंधार होत नाही, लुमेन कमी असले की होतो. एकाच खोलीत दोन रंग मात्र करू नका. आणि बॉक्सवर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) बघा, ९० च्या वर घ्या, निदान किचनला तरी, स्वस्तातल्या दिव्याखाली मेथी निवडताना पिवळं पान आणि हिरवं पान सारखंच दिसतं.

धागाकर्ती:
दोघांनाही मनापासून धन्यवाद, आजच वायरमनशी बोलले. हॉलचे चार डाऊनलाइट रद्द, सोफ्यामागे चार सीओबी, खुर्चीपाशी प्लग. एकच राहिलं, सासरे रात्री दोनदा तरी उठतात, आणि मोठा दिवा लावला की सासूबाईंची झोप मोडते. झिरोचा बल्ब लावावा का?

प्रतिसाद, कंदील:
झिरोचा बल्ब सहसा भिंतीवर वर असतो, त्यातून पायाखालचं नीट दिसत नाही आणि झोपलेल्याच्या तोंडावर उजेड येतो. त्यापेक्षा पलंग ते बाथरूम या वाटेवर जमिनीपासून फूटभर उंचीवर १-२ वॉटचे फूटलाइट घ्या, २७०० केल्विनचे, तोंड खाली असलेले. त्याला मोशन सेन्सर बसवता येतो, पण सेन्सर पलंगाकडे तोंड करून नको, नाहीतर कूस बदलली तरी पेटेल. बेडरूमच्या मोठ्या दिव्याला टू-वे स्विच करा, एक दाराशी, एक उशीशी. बाथरूमच्या आरशाचे दिवे वरून न घेता दोन्ही बाजूंनी घ्या, दाढी करताना हनुवटीखाली सावली येत नाही. या सगळ्याचे पाइप भिंतीत जातात, त्यामुळे पुट्टी व्हायच्या आत वायरमनकडून खडूने खुणा करून घ्या आणि टेपने उंची स्वतः मोजा.