पहिलीच गाडी, तीही जुनी फोर बाय फोर. काय बघून घ्यावी?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनानगरच्या वरच्या अंगाला. पाऊस किती असतो ते सांगायला नको, जवळच्या नवजाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं जातो. डांबरी संपली की घरापर्यंत दीड-दोन किलोमीटर कच्चा रस्ता, तांबडी माती, मधे एक ओढा आणि ओढा ओलांडला की लगेच अंगावर येणारा चढ. पावसाळ्यात गाडी खाली देवळापाशी लावायची आणि सामान डोक्यावर घेऊन चालत जायचं हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, पण आता आईचे गुडघे गेलेत आणि तिला गाव सोडायचं नाहीये.

मी पुण्यात नोकरीला. ऑफिसला बाईक आहे, म्हणजे गाडी मुख्यतः गावासाठीच, महिन्यातून एक-दोन चकरा. बजेट साडेसहा लाख, त्यातले काही रिपेअरिंगला बाजूला ठेवायचेत. डोक्यात तीन गाड्या आहेत, २०१४-१५ ची थार सीआरडीई, डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह, नाहीतर जिप्सी. मित्र म्हणतात डोळे झाकून थार घे. गाडीतलं मला शून्य कळतं, चालवता येते एवढंच. कुठली घेऊ आणि बघायला गेल्यावर नक्की काय बघू, जरा समजावून सांगा.

सह्यवारा

आधी एक सांग, तुझ्या गावात दूधवाला, किराणावाला पावसाळ्यात वर येतात का आणि कशानं येतात? आमच्या जावळीकडं साध्या टू व्हील ड्राइव्ह बोलेरो भर जुलैत वर-खाली करत असतात, फक्त मागचे टायर चांगल्या नक्षीचे टाकतात आणि मागं दोन पोती वाळू ठेवतात वजनाला. फोर बाय फोर म्हणजे दोन डिफ्रेन्शियल (एक्सलच्या मधला दात्यांचा गोळा), ट्रान्सफर केस (पुढं-मागं ताकद वाटणारी पेटी), जास्तीचा शाफ्ट, म्हणजे सगळा खर्च डबल. पहिल्याच गाडीला कशाला एवढा व्याप? मला तर ही नुसती हौस वाटते, राग मानू नको.

चिखलगुंडा

हौस नाय ओ, त्यानं चढ सांगितलाय तो वाचा ना. सपाट चिखलात बोलेरो निघते, मान्य. पण ओढ्यातनं चाकं ओली करून लगेच चढाला लागलं की मागची चाकं जागेवर फिरतात आणि गाडी मागं सरकते, आणि आई बसलीय म्हटल्यावर तिथं प्रयोग करायचे नसतात. शिवाय उतरताना फोर लो चा, म्हणजे चारी चाकं ओढणाऱ्या बारक्या गिअरचा, खरा फायदा, पहिल्या गिअरला टाकून ब्रेकला पाय न लावता गाडी आपोआप मुंगीच्या पावलानं उतरते, ब्रेक मारला की घसरलीच समजा. टायरचं मात्र पटलं, गुळगुळीत टायरवर कुठलीबी फोर बाय फोर चिखलात वांझोटी.

आता गाड्यांचं. जिप्सी हलकी, चिखलात पळते एक नंबर, पण पेट्रोल, मायलेज दहाच्या आसपास, आणि चारी बाजूला पाटे (कडक पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असल्यानं पुणे ते पाटण बसून आईच्या गुडघ्याबरोबर कंबरपण जाईल. थार सीआरडीई म्हणजे अडीच लिटरचं डिझेल, १०५ बीएचपी, ताकदीला तोड नाही, आणि २०१५ च्या फेसलिफ्टपासून मागच्या डिफ्रेन्शियलला मेकॅनिकल लॉक आलंय ते तुझ्या चढाला कामाचं, म्हणून २०१५ च्या आधीची की नंतरची हे विचारून घे. पण तिला ना एअरबॅग ना एबीएस (एबीएस आलं ते पार २०१९ मधल्या थार ७०० ला), मागं आडवे बाक, वर कापडी टप. डस्टरला फोर लो नाही, पण सहा गिअरपैकी पहिला मुद्दाम बारका दिलाय, मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे, वरच्या मॉडेलला एअरबॅग आहेत, एसी, शांतता. मी स्वतः थारवालाय तरी सांगतो, तुझ्या वापराला डस्टर बघ.

नाना_गॅरेज

पोरा, मॉडेल नंतर ठरव. जुन्या फोर बाय फोरमध्ये मॉडेल बघून नाही, समोर उभी असलेली ती एक गाडी बघून घ्यायची असते. एकाच साली एकाच शोरूममधनं निघालेल्या दोन थारा माझ्याकडं येतात, एकीला पंचवीस वर्षं काही होणार नाही आणि दुसरीची चेसिस दोन ठिकाणी वेल्डिंग मारलेली असते.

जुन्या बाजारात या गाड्या दोन तऱ्हेच्या मिळतात. एक शहरातली, हौसेनं घेतलेली, जिचा फोर व्हीलचा लिव्हर मालकानं कधी हलवलाच नाही. दुसरी दर रविवारी दगडात कुटलेली. लोक पहिलीला भाळतात, चकाचक असते ना, आणि लिव्हर जाम निघाला की बोंबलतात. तरी मी म्हणेन पहिलीच बरी, कारण जाम लिंकेज सुटतं, तेल बदललं की बहुतेक वेळा काम होतं. कुटलेल्या गाडीचं दुखणं चेसिसमध्ये शिरलेलं असतं, ते निघत नाही. सगळ्यात भारी म्हणजे तुझ्यासारख्याच शेतकऱ्याकडची गाडी, खरचटलेली, मळकी, पण सर्व्हिसची बिलं जपून ठेवलेली.

बघायला जाशील तेव्हा गाडी रॅम्पवर चढवायला लाव. मालक नाही म्हणाला तर तिथनंच परत फीर. खाली गेल्यावर चेसिसच्या दोन्ही पट्ट्या हातानं चाचपत जा, खास करून पाटे आणि सस्पेन्शन बसवलेल्या जागी, वेल्डिंगची शीर, चीर, नवा रंग काय लागतो बघ. अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग पासिंगची असेल तर स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघ, खाऱ्या हवेत पत्रा आतनं सडतो आणि वरनं कळत नाही. प्रॉपेलर शाफ्ट (एक्सलकडं ताकद नेणारा लांब दांडा) पकडून पिळ, त्याच्या टोकाच्या क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात, ढिलेपणा असला तर टकटक लागते, ते काम स्वस्त आहे, घाबरू नको, पण भाव पाडायला उपयोगी. पुढच्या एक्सलचे रबरी बूट फाटलेत का आणि ग्रीस आतल्या बाजूला उडालंय का ते बघ. मग मागच्या डिफ्रेन्शियलचा बोल्ट थोडा ढिला करून तेलाचा थेंब बोटावर घ्यायला लाव. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं म्हणजे आत पाणी गेलंय, गाडी नदीत उभी होती आणि नंतर कुणी तेल बदललं नाही.

आता मुख्य गोष्ट. डॅशबोर्डवर फोर व्हीलचा दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढायला लागली असं नाही, दिवा फक्त स्विचचं सांगतो. थार, जिप्सीसारख्या गाडीत खात्री अशी करायची. सपाट जागा, मागच्या दोन्ही चाकांना दगड, पुढचं एक चाक जॅकवर उचल. टू व्हीलमध्ये ते हातानं फिरतं. मग चाक खाली घे, दगड काढ, लिव्हर फोर हाय ला, म्हणजे साध्या गिअरच्या फोर व्हीलला, टाकून गाडी हातभर पुढं-मागं कर म्हणजे दाते नीट बसतात, परत दगड लाव, परत तेच चाक उचल. आता ते अडलं पाहिजे. तरी फिरत राहिलं तर पुढं ताकद पोचतच नाहीये. बऱ्याच जिप्स्यांना पुढच्या चाकांवर फ्री व्हीलिंग हब (चाक एक्सलपासून सोडणारी कळ) असतात, ते आधी हातानं लॉककडं फिरवून घे, नाहीतर चांगल्या गाडीला नावं ठेवशील. मग मातीच्या मैदानात फोर लो टाकून पुढं, रिव्हर्स, दोन्ही. गिअर उडून बाहेर पडला किंवा करकर आली तर ट्रान्सफर केस उघडावी लागणार. आणि कोरड्या डांबरीवर फोर व्हील टाकून वळवू नको रे. त्यात पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधलेला असतो, वळताना चाकांना कमी-जास्त फिरायला वाव राहत नाही आणि सगळा पीळ दात्यांवर येतो.

डस्टरला असं लिव्हर नाही, मागच्या चाकांना लागेल तशी ताकद जोडणारं कपलिंग आहे. तिथं चारी टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे आहेत का एवढं जरूर बघ, दोन नवे दोन जुने असले की कपलिंग विनाकारण तापत राहतं. इंजिनाचे पार्ट आरामात मिळतात, तेच दीड लिटर डिझेल टेरानो, सनी बऱ्याच गाड्यांत होतं. मागच्या एक्सलचे मात्र शोधावे लागतात, त्यामुळं तिथं आवाज असेल तर हात जोडायचे. आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल माग. बिल नाही तर बेल्ट बदललाच नाही असं धरून पैसे बाजूला काढ.

कागदवाली

नानांनी खालचं सांगितलं, मी फाईलमधलं सांगते, माझं रोजचं कामच ते आहे. आधी आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवून बघा, फोटोवर भागवू नका. परिवाहन या सरकारी साइटवर थकलेली चलानं, इन्शुरन्स आणि बँकेचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. टीटी फॉर्म (मालकी बदलायचे) म्हणजे २९ आणि ३०, त्यावर मालकाची सही तुमच्यासमोर झाली पाहिजे. इन्शुरन्स तुमच्या नावावर करायला १४ दिवस असतात, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, एजंट काही सांगो.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतील. तिथं १० वर्षांवरच्या डिझेलला चालवायची बंदी २०१५ साली एनजीटीनं (हरित लवादानं) घातली होती आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कायम केली होती, २०२५ ला कोर्टानंच ती सैल केली, पण त्या बंदीमुळं बऱ्याच डिझेल गाड्या इकडं आल्या. गाडी वाईट असतेच असं नाही, पण फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्राचा टॅक्स, नवीन नंबर, आणि तिकडचा टॅक्स परत मिळवायचा खटाटोप वेगळा. पहिलीच गाडी असेल तर एमएचचीच बघा. आणि २०१० च्या आसपासची घेत असाल तर पंधरा वर्षं भरलेली आहेत, फिटनेस करून फेरनोंदणी झालीय का ते आधी विचारा.

अजून एक, थारवाल्यांनी ऐकू नये पण सांगते, मोठे टायर, लिफ्ट किट, विंच, जे आरसीत नाही ते सगळं पासिंगला आणि क्लेमला अडतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे त्याला.

कोयनाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. नाना, तुमचं वाचून शनिवारी दोन गाड्या बघून आलो. पहिली २०१५ ची थार, सव्वासहा मागतोय. दिसायला खतरनाक, मोठे टायर, पुढं विंच, छतावर लाईटची पट्टी. रॅम्पवर घेतली तर खालची सगळी चेसिस काळ्या रंगानं नवीकोरी रंगवलेली, वास येत होता रंगाचा. मालक म्हणाला पावसाळ्याआधी दरवर्षी मारतो. जॅकची टेस्ट करू दिली नाही, म्हणे वेळ नाही.

दुसरी २०१६ ची डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह, साताऱ्यातले एक निवृत्त मास्तर, पाच लाख दहा. डाव्या दाराला लांब ओरखडा, आतली सीट कळकट, पण सर्व्हिसची सगळी बिलं प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणं लावलेली. बेल्टचं बिलपण आहे. टायर मात्र मागचे दोन नवे आणि पुढचे गुळगुळीत. मागच्या बाजूला कान लावून ऐकलं, मला तरी आवाज आला नाही, पण मला काय कळतंय. मन थारेवर आहे खरं सांगायचं तर.

नाना_गॅरेज

ताजा काळा रंग आणि जॅकला नकार, यातलं एकच असतं तरी मी सोडली असती, तुला तर दोन्ही मिळालेत. आणि ते मोठे टायर असले की क्राउन-पिनियनवर (डिफ्रेन्शियलमधल्या दात्यांवर) आणि पुढच्या हबवर ताण वाढतो, विंच लावलीय म्हणजे अडकलेली पण असणार. थारच हवी असेल तर महिना थांब, अजून निघतील, एवढी घाई कशाला.

मास्तरांची गाडी एकदा ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन परत बघ. कच्च्या चढावर ने, बटण लॉकला टाकून हळू चढव, मागून ओढल्याचं जाणवलं पाहिजे आणि दिवा लुकलुकायला नको. मग पक्क्या रस्त्यावर परत ऑटोत आणून ऐंशीच्या स्पीडला काच खाली करून ऐक, मागून घूंऽऽ आला तर सोडून दे. नाही आला तर चार टायरचे पैसे वजा करून भाव कर, माझ्या मते पाचच्या आत दे म्हणतील. ओरखड्याचं मनाला लावून घेऊ नको, तुमच्या रस्त्याला करवंदीच्या जाळ्या असणारच, दुसरा पण पडेल.

सह्यवारा

डस्टरची उंची २१० मिलिमीटर आहे, पण ओढ्यातले दगड बघून जा रे, खाली इंजिनाच्या तेलाची टाकी आहे. आणि दूधवाला कशानं येतो ते सांगितलंच नाहीस.

कोयनाकाठ

दूधवाला येत नाही ओ, आम्हीच घालतो दूध, डेअरीत, खाली चालत जाऊन 😅 मेकॅनिक रविवारी येतोय साताऱ्याला.