‘अट्टाहास’ : कष्ट की हट्ट?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की पुण्यात नव्या पेठेत, शास्त्री रस्त्यावर फ्लेक्स लागतात आणि त्यांवर ‘याजसाठी केला होता अट्टाहास’ असतंच. ‘ट्वेल्थ फेल’ (२०२३) हा सिनेमा बघून बाहेर पडतानाही कुणीतरी हेच म्हणालं. इथे अट्टाहास म्हणजे कष्ट ना? मग ‘उगाच अट्टाहास कशाला’ म्हणताना तो हट्ट कसा होतो?

उत्तर : संस्कृतात अट्टहास म्हणजे मोठ्याने हसणं. राक्षसाचं विकट हसू म्हणून पुस्तकी मराठीत तो अजून भेटतो. बोलण्यात मात्र आटापिटा आणि हट्ट हेच अर्थ. आटापिटा कशापायी, हे पटलं तर कष्ट, नाही पटलं तर हट्ट.

मूळ अभंग तुकोबांचा : ‘याजसाठी केला होता अट्टाहास, शेवटचा दिस गोड व्हावा’. फ्लेक्सवाले त्यातली पुढची ओळ गाळतात : ‘खुंटलिया धांवा तृष्णेचिया’. शेवटचा दिस म्हणजे निकालाचा दिवस नव्हे. हाव थांबली, ती विश्रांती गोड. इथे तर निवड झाली की पोस्टिंगसाठी धावपळ सुरू!

त्यापुढे आहे ‘कवतुक वाटे जालिया वेंचाचें’. वेच म्हणजे खर्च, झीज. खडतर आयुष्यावरच्या प्रेरणादायी सिनेमांना मी हाच शब्द लावून बघतो. बहुतेकांत झीज एका गाण्यात उरकलेली असते : दिव्याखाली पुस्तक, आईचे भेगाळलेले हात, की लगेच गाडी आणि सलाम. वेच दिसलाच नाही, तर कौतुक कशाचं करायचं? ‘ट्वेल्थ फेल’मध्ये गौरी भैया आहे. त्याचे सगळे प्रयत्न संपतात, तो चहाची टपरी टाकतो आणि नायक मनोजच्या पाठीशी उभा राहतो. तो आहे म्हणून मनोजची निवड मला खोटी वाटली नाही. तो नसता तर सिनेमा क्लासची जाहिरात झाला असता.

प्रतिसाद : पण शेवट गोड व्हायलाच हवा का? ‘श्वास’मध्ये (२००४) नातवाची दृष्टी वाचत नाही. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला हॉस्पिटलबाहेर नेऊन जग दाखवतात, एवढंच. तरी उभारी मिळते.

उत्तर : मिळते, कारण तिथे आजोबा काही जिंकत नाहीत. असा शेवट ‘गोड’ म्हणवत नाही, ‘पटला’ म्हणावं.

एक लेखनाचं : गाथेत ‘अट्टहास’ आहे, आज ‘अट्टाहास’ रूढ आहे. आणि परीक्षणात ‘सुखान्ताचा अट्टाहास’ लिहाल, तर वाचणारा त्याचा अर्थ हट्ट असाच घेईल.