मदत हवी आहे: मॉडेल ए चं मूळ इंजिन बॉनव्हिलवर टिकेल का?

माझी १९३० ची फोर्ड मॉडेल ए कूप अमेरिकेतल्या युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, जिथे गाड्यांच्या वेगाच्या धावा होतात, तिथे पळवायची आहे. इंजिन मूळचंच ठेवणार: चार सिलिंडर, ३.३ लिटर, ४० हॉर्सपॉवर. दुसरं बसवलं तर माझ्यासाठी ती तीच गाडी राहत नाही.

अडचण बेअरिंगची आहे. बॅबिट (कथिलाचा मऊ मिश्रधातू) ओतलेली बेअरिंग, त्यात कनेक्टिंग रॉडना तेल मिळतं ते फक्त शिंतोड्यांनी. सलग पूर्ण थ्रॉटलवर ती वितळतील अशी धास्ती वाटते. क्रँकशाफ्टला भोकं पाडून दाबाने तेल द्यावं, की शेल बेअरिंगच (तयार मिळणारी, बदलता येणारी पातळ कवचं) बसवावीत? कुणी स्वतः केलंय का?

रोल केज आणि टायरचं काम सुरू आहे. मागच्या एक्सलचं ३.७८ चं गुणोत्तरही बदलावं का? हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे गिअरिंग फार उंच झालं (म्हणजे गुणोत्तराचा आकडा फार लहान झाला) तर इंजिन ओढणारच नाही.